२ फुटी टाकी, झाडांना लाइट नेमका किती पाहिजे? झाडं वाढेनात आणि शेवाळ मात्र जोरात

शेवाळग्रस्त_तासगाव

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमची द्राक्षबाग आहे, झाडं वाढवणं हा पिढ्यान्‌पिढ्याचा धंदा, आणि काचेच्या टाकीतली चार झाडं मला वाढवता येईनात म्हणून घरात सगळे हसतायत.

टाकी २४ बाय १२ बाय १५ इंची, मार्चमध्ये घेतली. लाइट टाकीवाल्यानेच दिला, १८ वॉट लिहिलंय, पांढऱ्याच्या दोन ओळी आणि निळ्याची एक. खाली नदीची बारीक खडी. झाडं म्हणजे ॲमेझॉन स्वोर्ड एक, ड्रिफ्टवुडवर बांधलेले अनुबियास दोन, मागे वॅलिसनेरिया आणि एक लाल झाड, दुकानदार लुडविजिया म्हणाला. मासे १० निऑन, २ मोली. सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड गॅस) वगैरे काही नाही.

आता दुखणं असं की लुडविजिया नुसती उंच पळतीय, खालची पानं गळून दांडा उघडा पडलाय, लाल तर सोडाच पोपटी पण राहिली नाही. अनुबियासच्या पानांवर हिरवे टिपके, नखाने खरवडले तरी निघत नाहीत, आणि जुन्या पानांच्या कडेला काळे झुपके, दाढी आल्यासारखे. दुकानदार म्हणतो लाइट कमी पडतोय, ४८ वॉटचा आरजीबी (लाल-हिरवा-निळा एलईडी) घ्या. मेहुणा म्हणतो शेवाळ आलं म्हणजे लाइट जास्त झालाय, आहे तो पण कमी करा. दोघांचं ऐकून डोकं गरगरायला लागलंय. एकाच टाकीत लाइट कमी पण आणि जास्त पण असं होतं का कधी?

आणि अजून एक, बागेसाठी आणलेलं १९:१९:१९ खत घरात पडलंय, ते चिमूटभर टाकलं तर चालेल का?

ट्यूबलाइट_पेटली

१९:१९:१९ अजिबात टाकू नका!! आधी हे वाचा मग बाकीचं. त्यातला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, बागेत चालतं कारण तिथे मासे नाहीत. टाकीत अमोनिया म्हणजे निऑन सकाळी तरंगताना दिसतील.

आता लाइट. एकाच टाकीत कमी आणि जास्त दोन्ही होतं का हा तुमचा प्रश्न थट्टेचा वाटत असेल तुम्हाला पण उत्तर हो असंच आहे, त्यावर येतोच. त्याआधी मला एवढं सांगा:

लाइट रोज किती तास चालू असतो, खरं सांगा. टाकीवर काच झाकण आहे का. खिडकीतून ऊन येतं का. आणि अनुबियास बांधलेलं लाकूड पाण्यात किती वर येतं, म्हणजे अनुबियासपासून लाइट किती इंचावर आहे.

४८ वॉटवाला लाइट तोवर घेऊ नका, दुकान कुठे पळून जात नाही.

शेवाळग्रस्त_तासगाव

बरं झालं विचारलं, १९:१९:१९ ची पिशवी परत शेडमध्ये नेऊन टाकली.

तास... आई सकाळी ८ ला पूजेला बसते, टाकी देवघराच्या शेजारीच आहे, ती लाइट लावते कारण तिला उजेड होतो आणि मासे बघत बघत जप होतो. रात्री मी टीव्ही बंद करताना बंद करतो, साडेदहा होतात. म्हणजे साडेचौदा तास झाले की! मोजलेच नव्हते कधी. मधे लाइट गेली तर तेवढे तास वजा.

झाकण काचेचं आहे, मासे उडी मारतात म्हणून. ऊन येत नाही, खिडकी उत्तरेला. लाकूड चांगलं उंच आहे, अनुबियास लाइटपासून वीतभर पण नसेल.

सीओटू_सिलिंडर

माझं मत थोडं वेगळं. ४८ वॉट घ्याच, फक्त सोबत सीओटू घ्या आणि खत चालू करा. लो लाइटमध्ये टाकी म्हणजे अळणी जेवण आहे. माझ्याकडे तेवढीच २ फुटी टाकी आहे, लाल रोटाला, पुढे माँटे कार्लोची (खडीलगत पसरणारं बारीक झाड) सतरंजी, येणारा प्रत्येक माणूस आधी टाकीपाशी जातो. सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड (विजेवर गॅस चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह) एकदाच घ्यावं लागतं, मग नुसता गॅस भरायचा. लाल रंग पाहिजे तर दुसरा इलाज नाही.

कोकणातली_क्रिप्ट

सिलिंडरदादा, तुमची टाकी सुंदर असेल यात वाद नाही, पण आठवड्याला छाटणी, ५० टक्के पाणी बदलणं, रोज खत, हे पण सांगा की त्यांना. ऐन छाटणीच्या हंगामात हा माणूस बागेत असणार का टाकीत हात घालून बसणार?

तासगावकर दादा, तुम्ही द्राक्षवाले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. लाइट वाढवला म्हणजे झाडाची भूक वाढवली. भूक वाढवली आणि ताटात वाढलं नाही तर झाड अडून बसतं आणि ते उष्टं शेवाळ खातं. सीओटू नसलेल्या टाकीत पाण्यात जेमतेम ३-४ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) सीओटू विरघळलेला असतो, सिलिंडरवाले तो ३० च्या आसपास ठेवतात. म्हणजे त्यांच्या झाडांच्या ताटात आठ-दहा पट जास्त आहे. त्यांचा लाइट तुमच्या टाकीवर लावलात तर दोन आठवड्यांत पाणी पालकाच्या सुपासारखं दिसेल, मी स्वतः केलंय हे, कुडाळला भावाच्या टाकीवर. भाऊ अजून बोलून दाखवतो.

आणि शेवाळ साडेचौदा तासांचं आहे हो. ६ ते ८ तास पुरे. माझा लाइट ३ ते १० चालू असतो कारण दुपारनंतरच मी घरी असते, झाडांना सकाळ-संध्याकाळचं काही पडलेलं नसतं, सलग ६-७ तास मिळाले की झालं. आईंना पूजेला उजेड पाहिजे तर देवघरात वेगळा छोटा दिवा लावून द्या, टाकीचा कशाला.

क्रिप्ट (क्रिप्टोकोरिन, कमी उजेडात जगणारं पाणझाड) लावा असं सुचवेन. आमच्याकडे ओढ्यात रेट्रोस्पायरॅलिस जातीची क्रिप्ट आपसूक असते, पावसाळ्यात पाण्याखाली आणि ओढा आटला की उघड्यावर, तरी जगते. (ओढ्यातून उपटून आणू नका कुणी, दुकानात श्रीलंकेची वेंडटी साठ-सत्तर रुपयांत मिळते.) लावल्यावर पानं विरघळून जातील, घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात, महिन्याभरात नवीन येतात.

ट्यूबलाइट_पेटली

ताईंनी अर्धं काम केलं माझं. आता लाइटचा हिशोब सांगतो, लांब होईल.

पहिलं म्हणजे वॉट विसरा. वॉट म्हणजे मीटर किती फिरला. "एका गॅलनला २ वॉट" हा नियम अजून फिरतोय पण तो जाड फ्लुरोसंट ट्यूबच्या काळातला आहे, एलईडीला लागू नाही. आणि स्वस्त लाइटवर छापलेले वॉट खरे असतीलच असं नाही, मी एकदा ३६ वॉट लिहिलेला लाइट प्लगमधल्या मीटरवर लावला तर २१ दाखवले. कंपनीचं नाव विचारू नका.

ल्युमेन बघा, म्हणजे दिवा एकूण किती उजेड बाहेर टाकतो. तुमची टाकी २४ गुणिले १२ गुणिले १५ म्हणजे ४३२० घन इंच, साधारण ७० लिटर. अंदाजाचा हिशोब असा की अनुबियास, जावा फर्न, मॉस, क्रिप्ट, वॅल यांना लिटरला १० ते २० ल्युमेन, मधल्या झाडांना २० ते ४०, त्याच्यावर गेलात तर सीओटू घ्यावाच लागतो. तुमच्या १८ वॉटचे वॉटला ८० धरले तरी १४०० च्या आसपास, म्हणजे लिटरला २०. पुरेसा आहे! ४८ वॉटवाला खरा असला तर ४००० च्या घरात, लिटरला ५५-६०. सिलिंडरभाऊंच्या टाकीला ठीक, तुमच्या टाकीला नाही.

आता ल्युमेन पण अर्धसत्य आहे. ते माणसाच्या डोळ्यासाठी मोजतात, डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात जास्त दिसतो. झाड ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच उजेड कमीजास्त वापरतं, त्याला पीएआर म्हणतात आणि त्याचा मीटर इतका महाग की त्या पैशात दुसरी टाकी येईल. पण फोन आहे ना? लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते माप) मोजायचं फुकटचं ॲप टाका. पांढऱ्या एलईडीला लक्सला ६५-७० ने भागलं की कामापुरता पीएआर मिळतो. तुमच्यात एक ओळ निळी आहे, निळा उजेड लक्समध्ये कमी भरतो, म्हणजे खरा पीएआर थोडा जास्तच असेल, चालतंय.

फोन पिशवीत घालून पाण्यात सोडू नका!! मागे एकाने सोडला होता. रात्री खोली अंधारी करा, लाइट दोन स्टुलांवर आडवा ठेवा, खडीपासून लाइट जेवढा उंच आहे तेवढ्याच अंतरावर खाली फोन ठेवा, स्क्रीन वर करून, सेन्सर पुढच्या कॅमेऱ्यापाशी असतो. मग अनुबियासच्या अंतरावर. आणि दोन्ही वेळा एकदा ते काच झाकण मधे धरून मोजा. धुवू नका, जसं आहे तसंच धरा.

आकडे इथे टाका.

गप्पी_गँग

मी पण फॉलो करतोय, माझ्याकडे सेम काळे झुपके 🙏 जांभळा ग्रो लाइट चालेल का? टेरेसवर रोपांसाठी आणलेला आहे.

कोकणातली_क्रिप्ट

@गप्पी_गँग झाडं वाढतील त्याच्यात, पण टाकी डिस्कोसारखी दिसेल आणि हिरवं पान काळपट दिसेल. आपण बघायला ठेवतो ना टाकी. साधा पांढरा ६५०० केल्विनचा आणा, ट्यूबच्या खोक्यावर कूल डेलाइट लिहिलेलं असतं तोच. माझ्या ३ फुटी टाकीवर घरात लावायची साधी एलईडी बॅटन आहे, २ फुटी १० वॉटची मिळते तशा दोन. केल्विन म्हणजे फक्त उजेड पिवळट का निळसर, ताकद नाही कळत त्यावरून. ५००० असला तरी झाड रडत नाही. फक्त बॅटन पाण्याच्या वर उघडी ठेवू नका, वाफ आत जाते, खाली काच असू द्या आणि वायरचा झोका सॉकेटच्या खाली यायला पाहिजे म्हणजे थेंब ओघळून बोर्डात जात नाही.

शेवाळग्रस्त_तासगाव

मोजलं! बायको म्हणाली रात्री अकरा वाजता अंधारात स्टुलाखाली फोन घेऊन काय चाललंय.

खडीच्या अंतरावर, १४ इंच, काच न धरता १८५० च्या आसपास. काच धरून १२५०. अनुबियासच्या अंतरावर म्हणजे ५ इंचावर काच न धरता ५२०० आणि काच धरून ३५००.

ती काच हातात घेतली तेव्हा कळलं, खालच्या बाजूला पांढरा थर बसलाय, बोअरचं पाणी आहे ना आमचं, गिझरच्या कॉइलवर बसतो तसा. रोज वरून फडक्याने पुसतो, खालून कधी बघितलीच नव्हती. एवढा उजेड काच खाते?

ट्यूबलाइट_पेटली

खाते म्हणजे काय, तिसरा हिस्सा खाल्ला की तुमच्या आकड्यात! दुकानदार म्हणाला लाइट कमी पडतोय, तो तेवढ्यापुरता बरोबर होता, फक्त इलाज तीन हजारांचा नव्हता, व्हिनेगरचा होता. व्हिनेगर नाहीतर लिंबू चोळून अर्धा तास ठेवा, मग धुवा, साबण नको.

आता भागाकार बघा. खडीवर तुमच्या झाडांना १२५० म्हणजे १८-१९ पीएआर मिळत होता, काच धुतली की २७-२८ मिळेल. कमी मागणीच्या झाडांना १५ ते ३० लागतो. स्वोर्ड, वॅल, क्रिप्ट सगळं बसतं त्याच्यात.

आणि अनुबियासला मिळत होता ३५०० म्हणजे ५०! साडेचौदा तास! ते सावलीतलं झाड आहे, पान जाड, वाढ इतकी सावकाश की महिन्याला एखादं पान, एकेक पान दोन वर्षं टिकतं. एवढा वेळ भर उजेडात एक पान हलत नाही म्हटल्यावर त्याच्यावर शेवाळ बसणार नाही तर काय होणार. सगळ्यात कमी उजेड मागणारं झाड तुम्ही दिव्याखाली बसवलंत आणि सगळ्यात जास्त मागणारी लुडविजिया खाली मागच्या कोपऱ्यात, वॅलच्या सावलीत. म्हणून मेहुणा पण बरोबर आणि दुकानदार पण.

लुडविजियाची खालची पानं का गळतात हे तुम्हाला मी सांगायचं? बागेत फुटवे विरळ का करता? आतल्या पानाला ऊन लागत नाही, ते पिवळं पडून गळतं म्हणूनच ना. वॅलची पानं पाण्यावर आडवी पसरली असतील, ती मुळाशी धरून थोडी काढा, खाली उजेड जाऊ द्या.

लाकूड आडवं करा म्हणजे अनुबियास खाली येईल. अनुबियासचा आडवा जाड दांडा खडीत पुरू नका, कुजतो. काळे झुपके आलेली जुनी पानं कापून टाका, ती काही स्वच्छ होत नाहीत. तास आता ६ करा, तीन आठवडे काहीही बदलू नका. मग बघताना नवीन पानं बघा, जुन्यांचा निकाल आधीच लागलेला आहे.

सीओटू_सिलिंडर

लॉजिक पटलं. तरी २८ पीएआरला लुडविजिया लाल होणार नाही हे लिहून ठेवा. जगेल, हिरवी-तपकिरी राहील. नंतर पुढेमागे लाल पाहिजेच झालं तर खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिडच्या दोन बाटल्यांचा किट येतो त्याने सुरुवात करा, पण आधी सीओटू बसवायचा आणि मग लाइट वाढवायचा, उलटं नाही. आणि सीओटू रात्री बंद, मासे वर येऊन तोंड मारायला लागले की लगेच बंद.

खताचं म्हणाल तर तुमच्या शेडमध्ये १३:०:४५ आणि ०:५२:३४ असेलच. पहिलं पोटॅशियम नायट्रेट, दुसरं मोनोपोटॅशियम फॉस्फेट, आम्ही प्लांटेड टाकीवाले हेच दोन वापरतो, त्याच्यात अमोनिया नाही. अनुबियासवर ते हिरवे टिपके येतात त्यात फॉस्फेट कमी असण्याचा पण हात असतो बऱ्याचदा.

कोकणातली_क्रिप्ट

पण दादा, द्राक्षवाल्याचा हात सैल असतो, एकराच्या हिशोबाने टाकतील 😄 ७० लिटरला चिमटीपेक्षा कमी, आधी तांब्याभर पाण्यात विरघळवून, आणि पहिले तीन आठवडे तेही नको. एका वेळी एकच बदल करा नाहीतर कशाने काय झालं कळणार नाही. स्वोर्डच्या मुळाशी मात्र रूट टॅब (खडीत पुरायची खताची गोळी) खोचा एखादी, नदीच्या खडीत त्याला काही मिळत नाही.

टायमर घेणार असाल तर गोल चकतीवाला घेऊ नका. तो विजेवर फिरतो, लाइट दोन तास गेली की टायमर पण दोन तास थांबतो, आठवड्याभरात मध्यरात्री टाकी उजळायला लागते. आमच्याकडे पावसाळ्यात हेच झालं. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या.

शेवाळग्रस्त_तासगाव

पाच आठवड्यांनी येतोय, मधे बागेत अडकलो.

काच व्हिनेगरने धुतली, आता महिन्यातून एकदा धुतो. लाकूड आडवं केलं, अनुबियास वॅलच्या सावलीत गेलेत. डिजिटल टायमर बसवला, ४ ते १०, गेल्या आठवड्यापासून साडेतीन ते दहा केलंय. ४८ वॉट घेतला नाही. लुडविजियाचे शेंडे तोडून परत लावले, खालचा उघडा दांडा फेकला, नवीन पानं खालपर्यंत टिकलीत पण रंग हिरवाच, सिलिंडरभाऊ जिंकले. वेंडटी लावली होती ती ताई म्हणाल्या तशी सगळी विरघळली, दोन आठवडे रिकामी खडी बघत बसलो, आता तीन बारकी तपकिरी पानं आलीत.

अनुबियासला दोन नवीन पानं आली. एकावर पण टिपका नाही. फोटो काढला तर निऑनच मधे येतोय दरवेळी.

काळे झुपके लाकडावर थोडे आहेत अजून, फिल्टरच्या तोंडापाशी जास्त. त्याला काही करावं का असंच सोडू?

आईला देवघरात छोटा बल्ब लावून दिला. ती खूश नाही, म्हणते मासे आळशी झालेत, सकाळी उठतच नाहीत.

ट्यूबलाइट_पेटली

लाकडावरच्याला पाणी बदलताना, लाकूड पाण्याच्या वर उघडं असेल तेव्हा, मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, पाच मिनिटं थांबा, मग पाणी भरा. दोन दिवसांत गुलाबी पडून गळेल. वॅलला लावू नका, तिला सोसत नाही. आणि फिल्टरचा स्पंज शेवटचा कधी धुतला होतात ते आठवा.

शेवाळग्रस्त_तासगाव

स्पंज धुवायचा असतो?